शेपटीकडचं माणूस

आमच्या घरात भांडणाला रविवारपर्यंतचीच मुदत असते. शनिवारी कितीही भांडी आपटली तरी रविवारी सकाळी दहाला दोघांनी एकमेकांशी बोलावंच लागतं, कारण मागच्या खोलीतल्या पिंजऱ्याचं दार एकट्यानं उघडायचं नाही, असा आमचा नियम आहे. आत साडेचौदा फुटांची, परदेशी जातीची अजगरीण असते. ह्यांनी डोक्याकडची बाजू सांभाळायची, मी शेपटीकडची. मग तिला कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत ठेवून पिंजरा पुसायचा, पाण्याचं भांडं घासायचं आणि पुन्हा दोघांनी मिळून तिला आत न्यायचं. अकरा वर्षं हे चाललंय. लोकांचे संसार कशाकशावर टिकतात कोण जाणे, तुमचा सापाच्या साफसफाईवर टिकला, असं आमची मुलगी म्हणते.

आमचं टेलरिंगचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. मापं मी घेते, कापतात हे, शिवतो दोघं. अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं पडदे शिवायला टाकले आणि त्याबरोबर बुटाच्या खोक्यात दोन फुटांचं पिल्लूही ठेवून गेला. "घर बदलतोय, पंधरा दिवस सांभाळा," म्हणाला. पुन्हा ना पडदे न्यायला आला ना साप. पडद्यांचे मी उशांना अभ्रे केले. सापाचं काय करणार?

हे तिला 'बयो' म्हणतात. मी 'सवत' म्हणते. दर सहा महिन्यांनी टेपनं तिचं माप घेण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. मापाच्या वहीत तिचं स्वतंत्र पान आहे आणि ह्यांच्या हट्टापायी छाती, कंबर, सीट हे तिन्ही रकाने भरलेले आहेत. तिन्हींत आकडा एकच. अंगात बांधा असा नाहीच, पण ह्यांचं कौतुक बघावं! माझ्या नव्या साडीकडे मान वर करून न बघणारा हा माणूस, तिनं कात टाकली की शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो.

खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी हे सगळं चालवून घेतलं. कुरकुर केली, टोमणे मारले, पण शेपटी सोडली नाही. प्रश्न आला तो नातीमुळे.

मुलगी आमची एकुलती एक. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, बसनं वीस मिनिटं. आठ महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात तिनं बापाला सांगून टाकलं, "बाबा, ती घरात आहे तोवर बाळ तुमच्या घरात येणार नाही. मी रागावून सांगत नाहीये." रागावून म्हणाली असती तर समजूत तरी काढता आली असती.

"पिंजऱ्याला दोन कुलपं आहेत," हे म्हणाले. "खोलीला वेगळं. हवं तर चौथं लावतो."

"कुलपं माणसंच लावतात ना, बाबा?"

मग आम्हीच बसनं जायचो, नातीला तासभर मांडीवर घ्यायचो आणि परत यायचो. तेवढ्यात मुलीची रजा संपत आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. पहिल्या तारखेपासून तिला हजर व्हायचं होतं आणि दिवसभर बाळ एक तर माझ्याकडे राहणार होतं, नाही तर पाळणाघरात. पाळणाघरवाल्या बाईंनी नाव घालायला महिनाअखेरची तारीख दिली होती. मला रात्रंदिवस ती तारीख दिसायची. माझी नात चार परक्या बायकांच्या हातात वाढणार, का, तर माझ्या घरात साप आहे म्हणून! विचारानंच माझं डोकं तापायचं.

अशात नगरपालिकेची नोटीस लागली. कुणीतरी सोडून दिलेला एक अजगर लाँड्रीच्या बॉयलरमागे सापडला होता आणि गावात हलकल्लोळ झाला होता. तीन मीटरपेक्षा लांब साप घरात पाळायला बंदी करायचा प्रस्ताव होता. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता जाहीर सुनावणी. ज्यांना बोलायचंय त्यांनी आधी नावं द्यावीत. दोन याद्या होत्या, 'बाजूने' आणि 'विरोधात'.

हे पहिल्याच दिवशी जाऊन 'विरोधात' नाव घालून आले. रोज संध्याकाळी काम संपलं की भाषण लिहायचे. मी तिसऱ्या दिवशी बटणं आणि अस्तर आणायला जाते असं सांगून निघाले आणि 'बाजूने'मध्ये माझं नाव घातलं.

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "समोरच्या यादीतही हेच आडनाव दिसतंय."

"गाव लहान आहे," मी म्हटलं.

"मसुदा वाचलात ना पूर्ण?"

"वाचला की." खोटं बोलले. फलकावर पहिलं कलम होतं तेवढंच वाचलं होतं. बंदी हा शब्द मिळाला, मला पुरेसा होता.

याद्या बुधवारी बाहेर लागल्या आणि गुरुवारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं ह्यांना दुकानात येऊन सांगितलं, "वा! वहिनीपण बोलणार म्हणे. पण उलट्या बाजूनं का?" मी काउंटरवरच होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि कापायला लागले. मग बोलणंच बंद. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढं सगळं मी पाठीमागं केलं होतं, आणि ते चूक होतं हे मला कळत होतं. पण माफी मागायची तर नाव मागं घ्यावं लागेल, आणि ते मी घेणार नव्हते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून राहिले. म्हटलं, येतीलच बोलवायला. न येऊन सांगतात कुणाला?

आता इथं एक सांगायला हवं. दर रविवारी पिंजरा उघडायच्या आधी मी विचारते, "हात धुतले?" त्यावर हे चिडतात, "लहान आहे का मी?" म्हणतात आणि जाऊन धुऊन येतात. त्या दिवशी सकाळपासून हे एका गिऱ्हाइकाच्या जुन्या कोटाची कॉलर उसवत होते. कॉलर सशाच्या कातड्याची होती. दोन तास ती मांडीवर घेऊन बसलेले. आणि बयो काय खाते? ससे. सापाला डोळ्यांनी फारसं कळत नाही, वासानं कळतं. अकरा वर्षांत हे ह्यांनी मला शंभरदा समजावलं असेल. पण विचारायला मी तिथं नव्हते, कारण आमचं बोलणं बंद होतं.

मागच्या खोलीत स्टूल पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ओरडणं नाही की हाक नाही. मी क्षणभर तशीच बसले, याची मला अजून लाज वाटते. मग उठून धावले.

हे भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग तिच्या जबड्यात, आणि त्या हाताभोवती, खांद्यावरून, छातीवरून तिचे वेटोळे. तोंड लाल झालं होतं. तशाही अवस्थेत माझ्याकडे बघून ह्यांच्या चेहऱ्यावर आधी ओशाळेपणा आला. मी शेजारच्या खोलीत होते आणि या माणसानं अबोल्यापायी मला हाक मारली नव्हती!

मी शेपटीकडे झेप घेतली.

"शेप... टी..." हे कसंबसं म्हणाले. तीन दिवसांतला पहिला शब्द.

"मला शिकवू नका," मी म्हटलं.

वेटोळं सोडवायचं तर शेपटीच्या टोकापासून. मधून ओढलं तर ती आणखी आवळते. मी टोक धरलं, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि एकेक वळसा उलगडत गेले. सोडवलेला भाग ती पुन्हा गुंडाळायला बघायची, तो मी मांडीखाली दाबून धरायची. छातीवरचा वळसा निघाला तसा ह्यांनी श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज ऐकून मी मोठ्यानं रडायला लागले आणि रडत रडतच पुढचा वळसा सोडवला. जबडा सोडवायला लागलाच तर म्हणून दाराशी व्हिनेगरची बाटली असते, ती ह्यांनी डाव्या हातानं ओढून तिच्या तोंडावर ओतली. तिनं जबडा सोडला. मग दोघांनी मिळून, नेहमीसारखं, एकानं डोकं आणि एकीनं शेपटी धरून तिला आत ठेवलं आणि कुलपं लावली.

डॉक्टरांनी औषध लावलं आणि हात हिसडल्यानं जिथं फाटलं होतं तिथं चार टाके घातले. हे टाक्यांकडे बघत म्हणाले, "अंतर सारखं नाही पडलं." डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच घाला." बाहेर आल्यावर मी हसले, मग हे हसले, आणि मग आम्ही दोघं एका बाकावर टेकलो.

"मंगळवारी हे सांगणार ना तू?" ह्यांनी विचारलं.

"सांगणार."

"सांग. खरं तेच आहे." मग खिशातून मसुद्याचा घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "पण तिसरं कलम वाचलंस का?"

मी वाचलं. बंदी लागू झाल्यापासून तीस दिवसांत साप जमा करावा, आणि ठेवून घेणारी संस्था न मिळाल्यास तो पशुवैद्यकामार्फत नष्ट करण्यात यावा. नष्ट. मी तो शब्द दोनदा वाचला.

"प्राणिसंग्रहालयाला विचारलंत?"

"दोन पत्रं पाठवली. घेऊ शकत नाही म्हणतात."

मला ती घरातून जायला हवी होती, जगातून नाही. अकरा वर्षं जिची मापं घेतली, जिच्या पिंजऱ्यात थंडीत मी स्वतः दिवा लावला, तिला एका कागदानं मारायला मी सही देणार होते. न वाचता. मापं घेणारी बाई मी, आणि माप अर्धवटच घेतलं होतं.

मंगळवारी नगरपालिकेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. भिंतीला टेकूनही माणसं उभी होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो तेव्हा औषधवाल्याचा चेहरा पडला. त्याला बहुतेक आमचं जुंपलेलं बघायचं होतं.

आधी अग्निशमन दलाचे एक जवान बोलले. लाँड्रीतला अजगर त्यांच्याच तुकडीनं पकडला होता. "चार जण होतो आम्ही," ते म्हणाले. "चौघं घाबरलेलो. तो साप आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. ज्यानं पाळला, त्यानं हौसेचा भर ओसरल्यावर सोडून दिला. चूक सापाची नाही, पण उद्या तिथं एखादं मूल असतं तर?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाळीव प्राण्यांचा दुकानदार बोलला. "कुत्री चावतात म्हणून कुत्र्यांवर बंदी घातली का कधी? बंदी घातली की लोक लपवून पाळतात. लपवलेल्या सापाला ना डॉक्टर मिळतो ना नीट पिंजरा." त्यालाही टाळ्या मिळाल्या, थोड्या कमी. खरं सांगते, मला दोघांचंही पटलं, आणि त्यामुळे आणखीच घाबरायला झालं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी काही लिहून आणलं नव्हतं. मी रविवारचं सगळं सांगितलं. कॉलर, अबोला, स्टूल, वेटोळे. ह्यांचा बँडेजवाला हात सगळ्यांनी मान वळवून बघितला. हे खाली बघत होते, पण हात त्यांनी लपवला नाही.

"तर मी बंदीच्या बाजूनंच आहे," मी म्हटलं. "नवीन साप कुणी आणू नये. दोन फुटांचं पिल्लू बघून कुणालाही वाटतं, आपल्याला जमेल. आम्हालाही वाटलं होतं. सांभाळायला दोन माणसं लागतात, रोज शुद्धीवर असलेली आणि एकमेकांशी बोलणारी. तेवढं गावात किती घरांत मिळेल?" लोक हसले. "पण जे आत्ता आहेत त्यांना मारू नका. तिसरं कलम मी नाव देण्याआधी वाचलं नव्हतं, ती माझी चूक. ते काढा. ज्यांच्याकडे आहेत त्यांची नोंद करा, आणि दोन माणसांशिवाय पिंजरा उघडायचा नाही, असं कायद्यात लिहा."

अध्यक्षबाई गावातल्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी पेन्सिलनं काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "आणि ज्यांना ठेवायचे नसतील त्यांनी कुठं द्यायचे?"

प्राणिसंग्रहालयाचा माणूस मागं बसला होता, तो उठला. "जागा आहे आमच्याकडे. उबदार खोली रिकामी आहे. माणूस नाही. सापांकडे मी एकटाच. आणि या बाई म्हणतात तोच आमचाही नियम आहे. मोठ्या सापाचा पिंजरा एकट्यानं उघडायचा नाही. म्हणून नाही म्हणावं लागतं."

मग ह्यांचं नाव आलं. 'विरोधात'. हे उठले, आठवडाभर लिहिलेलं भाषण काढलं, डाव्या हातानं उलगडायला बघितलं, आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवलं.

"बायको म्हणाली ते सगळं बरोबर आहे," हे म्हणाले. "एक कमी आहे. ते घाला. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात असा साप नको. दोन माणसं असली तरी नको. नोंद असली तरी नको."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले.

अध्यक्षबाईंनी समोरचे कागद चाळले. "तुमच्या अर्जात घरात दोघंच लिहिलंय. तुमच्याकडे लहान मूल आहे?"

"आहे," हे म्हणाले. "आठ महिन्यांची नात. अजून आली नाहीये."

हे तसेच उभे होते. मग मागं वळून प्राणिसंग्रहालयाच्या माणसाला म्हणाले, "तुमचा पिंजरा कुठल्या वारी धुता?"

"सोमवारी."

"रविवारी धुवा. मी येत जाईन दर रविवारी. तुम्ही डोकं धरा, मी शेपटी धरतो. हात बरा होईपर्यंत ही येईल."

"शेपटी धरायची सवय आहे तुम्हाला?"

"नाही. हिला विचारून शिकीन."

तो माणूस विचारात पडला. दाढी खाजवली. "साहेबांना विचारावं लागेल," म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पण हो म्हणतील. मी म्हणायला लावीन."

पुढची चर्चा तासभर चालली. शब्द बदलले, पुन्हा बदलले, दुकानदार दोनदा उठून बसला. शेवटी मत घेतलं तेव्हा नवीन साप आणायला बंदी झाली, असलेल्यांची नोंद ठरली, दोन माणसांचा नियम आला, लहान मुलाच्या घराचं कलम आलं, आणि 'नष्ट' हा शब्द गेला. अकरा नगरसेवकांपैकी नऊ हात वर झाले. मी ते दोनदा मोजले.

बाहेर जिन्यापाशी गर्दी होती. औषधवाला ह्यांच्या पाठीवर थाप मारून गेला. हे एका बाजूला खिडकीशी जाऊन उभे राहिले. एका हातानं मोबाइल जमेना, म्हणून मी मुलीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल ह्यांच्या डाव्या हातात दिला.

"बाबा? काय झालं सभेत?"

"बयो चाललीय," हे म्हणाले. "प्राणिसंग्रहालयात. महिनाअखेरच्या आत."

पलीकडे मागं बाळाचा आवाज येत होता, काहीतरी जमिनीवर आपटत होतं.

"त्यांनी द्यायला लावली का?"

"नाही. मीच सांगितलं."

"बाबा," मुलीचा आवाज बारीक झाला, "वाईट वाटतंय का तुम्हाला?"

आयुष्यात या माणसाला सुई नखात घुसली तरी 'काही नाही गं' म्हणताना मी ऐकलंय. रविवारी छाती आवळत होती तेव्हाही हाक मारली नाही. मी तेच उत्तर ऐकायच्या तयारीनं उभी होते.

"हो," हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "खूप वाईट वाटतंय. तू पाळणाघरात नाव घालू नकोस."